सरकार बदललं म्हणून धोरण बदललं?

"सरकार बदललं की राष्ट्रीय सुरक्षा धोरण बदलतं." तुमच्या संशोधन प्रस्तावात हे वाक्य असेल तर गाईडचा पहिला प्रश्न येईल: कशावरून?

अमेरिकेचं उदाहरण घेऊ, कारण तिथे तुलनेसाठी कागदपत्रं उपलब्ध आहेत. १९८६ च्या गोल्डवॉटर-निकोल्स कायद्यानुसार राष्ट्राध्यक्षांना 'राष्ट्रीय सुरक्षा रणनीती' काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, सादर करावी लागते. आता त्यातले तीनच मुद्दे शेजारी ठेवून वाचा.

१. हवामान बदल: ओबामांच्या २०१५ च्या रणनीतीत हा सुरक्षेला असलेला धोका होता. ट्रम्प यांच्या २०१७ च्या रणनीतीत तो धोक्यांमधून वगळला गेला. बायडेन यांच्या २०२२ च्या रणनीतीत परत आला. इथे सरकार बदललं आणि धोरणही बदललं.

२. चीन: २०१७ मध्ये ट्रम्प यांनी चीन आणि रशियाला अमेरिकेचे स्पर्धक ठरवलं. बायडेन यांनी ही दिशा सोडली नाही, उलट चीनशी स्पर्धा केंद्रस्थानी आणली. सरकार बदललं, पण धोरण टिकलं.

३. रशिया: ओबामांची २०१० ची रणनीती रशियाशी सहकार्याची भाषा बोलते, २०१५ ची रशियाच्या आक्रमणाची. मध्ये २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया ताब्यात घेतला होता. म्हणजे सरकार तेच, तरी धोरण बदललं.

अडचण लक्षात आली? दोन सरकारांमधली कागदपत्रं तुलनेला घेतली की सरकारही बदललेलं असतं आणि जगही. कशाचा परिणाम किती, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून एकाच सरकारची दोन कागदपत्रंही अभ्यासात ठेवा. लॅबच्या भाषेत, हा तुमचा कंट्रोल. अर्थात, तीन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही, पण सुरुवातीचं वाक्य सरसकट खरं नाही, एवढं नक्की कळतं.

आणखी एक गोष्ट. कागदावर लिहिलं म्हणजे केलं असं नाही. शब्द बदलले तर पैसा आणि सैन्यही तिकडे वळलं का, हे अर्थसंकल्पात तपासा. भारतावर काम करणाऱ्यांना तर हे करावंच लागेल, कारण आपल्याकडे असा एकत्रित दस्तऐवज प्रसिद्ध झालेला नाही. संरक्षण अर्थसंकल्प आणि संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल इथून सुरुवात करा.

आणि प्रस्तावातलं ते वाक्य खोडून त्याजागी प्रश्न लिहा: धोरणाचा कोणता भाग सरकारबरोबर बदलतो, आणि कोणता नाही?