बोटभर जागेची किंमत



मागे एकदा दिवाळीच्या तोंडावर मी दर्यापूर तालुक्यातून संध्याकाळचा परतत होतो. पुढे सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेली एक ट्रॉली चालली होती. पोत्यांवर दोन मुले आणि त्यांची आजी बसली होती. वाऱ्यावर जळक्या रबराचा वास येत होता. मी गाडी पुढे काढून ट्रॅक्टर थांबवायला लावला आणि खाली वाकून पाहिले. ट्रॉलीच्या डाव्या चाकाला मडगार्डच्या पत्र्याची कड घासत होती. टायरच्या बगलेवर विळ्याने ओरखडा काढावा तशी गोल चीर पडली होती आणि आतले धागे उघडे झाले होते. टायर केव्हा फुटेल याचा नेम नव्हता.

मालक म्हणाला, "साहेब, टायर तं आताच नवे टाकले. जरा मोठेच टाकले, म्हटलं माल जास्त बसन."

नाकापेक्षा मोती जड म्हणतात, ते हेच. टायर मोठा आला, पण त्याच्यासाठी जागा कोणी केली नाही. पोती दुसऱ्या गाडीत भरावी लागली आणि नवा टायर भंगारात गेला. मुले आणि आजी सुखरूप उतरली, हे नशीब. त्या दिवसापासून गावोगावच्या बैठकीत बी-बियाण्याबरोबर मी या बोटभर जागेचाही विषय काढतो.

शर्यतीच्या मोटारींचे कसब

चाक आणि पत्रा यांच्यातली जागा हा शर्यतीच्या मोटारींच्या मिस्त्र्यांचा नेहमीचा विषय आहे. आपल्या देशात चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाई आणि कोइमतूर येथे मोटारींच्या शर्यतीचे पक्के मार्ग आहेत. शर्यतीच्या मोटारीला रुंद टायर लावतात आणि तिचा सांगाडा जमिनीजवळ आणतात. मग वळणावर गाडी एका अंगाला झुकली की टायर वर येतो आणि मडगार्डच्या कडेला लागतो. ही कड आतल्या बाजूला साधारण अर्धा इंच दुमडलेली असते. तीच सुरीसारखी टायर कापते.

मिस्त्री ती कड कापत नाहीत. चाक काढून त्या जागी, चाकाच्याच बोल्टांवर, एक दांडा बसवतात. त्याच्या टोकाला लाटण्यासारखा फिरता रूळ असतो. गरम हवेच्या यंत्राने कडेचा रंग कोमट करतात, कारण थंड रंग ठिसूळ असतो आणि तडकतो. मग रूळ कडेवर टेकवून दांडा मागे-पुढे फिरवतात. एका फेरीत थोडेच दाबायचे, मग दांडा किंचित लांबवून पुन्हा फिरवायचे. अशा फेऱ्या घेत घेत कड आतून वर वळते आणि पत्र्याला चिकटून बसते. तेवढ्याने टायरला अर्धा इंच जागा मिळते आणि धारही जाते.

आपल्याकडेही शर्यत काही नवी नाही. अमरावती जिल्ह्यातला तळेगाव दशासरचा शंकरपट प्रसिद्ध आहे. बैलांच्या शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पटात गाडी उतरवायची तर चाक मोकळे फिरते की नाही, हे आधी पाहावेच लागते. मग बियाणे, माल आणि माणसे वाहणाऱ्या आपल्या ट्रॉलीचे चाक कोणी का पाहू नये?

जागा कुठे हरवते?

पहिले कारण मोठा टायर. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर १३.६-२८ असे लिहिलेले असते. पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो आणि दुसरा रिमचा व्यास. त्या जागी १४.९-२८ चा टायर घातला तर रुंदी १.३ इंचाने, म्हणजे सुमारे ३३ मिलिमीटरने वाढते. दोन्ही बाजूंना १६-१७ मिलिमीटर जागा गेली. शिवाय टायरची उंचीही वाढते. म्हणून टायर घेताना तुमच्या रिमला आणि ट्रॅक्टरला कोणता आकार चालतो, हे पुस्तिकेत पाहूनच पैसे द्या. मोठ्या टायरने ट्रॉलीचे कमानपाटे आणि आख काही मजबूत होत नाहीत. वजनाची मर्यादा होती तेवढीच राहते.

दुसरे कारण चाकांतले अंतर. आंतरमशागतीसाठी आपण मागच्या चाकांमधले अंतर बदलतो. सोयाबीनच्या ओळी ४५ सेंटिमीटरवर असतील तर चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत १३५ सेंटिमीटर ठेवले की तीन ओळींचे गणित जुळते. पण चाके जवळ आणली की टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला सरकतो. अंतर बदलल्यावर चाक हाताने पूर्ण फिरवून पाहिल्याशिवाय ट्रॅक्टर वावरात नेऊ नका. चाके उलटसुलट केली असतील तर टायरवरचा बाण पुढे जाण्याच्या दिशेनेच आहे ना, तेही बघा.

तिसरे कारण ओझे. रिकामी ट्रॉली पाहून जागा मोजण्यात अर्थ नाही. माल भरला की कमानपाटे सपाट होतात आणि साटा टायरवर उतरतो. हवा कमी असेल तर टायर बगलेला फुगतो. खड्ड्यात चाक गेले की उरलेली जागाही संपते.

चौथे कारण खास आपले आहे, ते म्हणजे काळी माती. अकोला आणि अमरावतीच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात पाऊस झाला की पांदणीतली माती चाकाला कशी लगडते, हे तुम्हाला सांगायला नको. ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांतून वर चढून मडगार्डखाली थापली जाते. वाळली की विटेसारखी कडक होते आणि टायर घासते. कोरड्या रस्त्यावर पुरणारी जागा इथे पुरत नाही. काळ्या रानात जाणाऱ्या चाकाला वरून चार बोटे जागा ठेवा आणि संध्याकाळी माती ओली असतानाच खरवडून काढा.

कणकेचा गोळा सांगतो खरे

जागा डोळ्यांनी दिसत नाही, ती मोजावी लागते. त्यासाठी घरातली एक साधी युक्ती आहे. घट्ट मळलेल्या कणकेचे बोराएवढे गोळे घ्या आणि मडगार्डच्या कडेला आतून चार-पाच ठिकाणी चिकटवा. मग नेहमीचा माल भरून ट्रॉली खडबडीत रस्त्यावर हळूहळू थोडी फिरवून आणा आणि दोन्ही बाजूंना वळवा. परत आल्यावर गोळे पाहा. जिथे गोळा चेपला, तिथे टायर लागतो किंवा लागण्याच्या बेतात आहे. गोळा किती जाड उरला, तेवढी जागा समजा. सर्वांत अडचणीच्या ठिकाणीही बोटभर जागा उरलीच पाहिजे. ही तपासणी करताना ट्रॉलीत माणूस बसवू नका.

उपाय, स्वस्तापासून सुरू

आधी माती काढा. टायरमध्ये पुस्तिकेप्रमाणे हवा भरा. ओझे कमी करा. तुटलेला किंवा बसलेला कमानपाटा बदला. मडगार्डचा ढिला झालेला बोल्ट आवळा. मडगार्डला वर उचलायची भोके असतील तर ते वर घ्या. बऱ्याच वेळा काम एवढ्यावरच भागते.

तरीही पत्र्याची कडच लागत असेल, तर शर्यतीच्या मिस्त्र्यांचा उपाय आपल्या पत्रेकामवाल्याकडून करून घेता येतो. टीनवाला घमेल्याचा किंवा बादलीचा काठ दुमडतो तो कशासाठी? काठ हाताला लागू नये आणि पत्राही ताठ राहावा, म्हणून. तीच विद्या इथे लागते. चाक काढून, ट्रॉलीखाली भक्कम ओंडके देऊन काम करावे. नुसत्या जॅकवर विसंबू नये. पत्रा आतून धुऊन कोरडा करा. कडेच्या मागे लोखंडी ठोकळा धरून हलक्या हातोडीने, थोडे थोडे करत कड आत वळवा. एका जागी जोर दिला तर पत्रा लाटांसारखा उठतो. रंग तडकला तर तिथे रेड ऑक्साइड लावून वर रंग द्या, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात गंज धरेल. जीप किंवा मोटारीच्या मागच्या मडगार्डला आत-बाहेर दोन पत्रे जोडलेले असतात. तिथे जोड उघडला तर पाणी शिरून आतून गंजतो, म्हणून ते काम जाणकाराकडेच द्या.

दोन गोष्टी मात्र करू नका. छिन्नीने कड कापून मोकळे होऊ नका. कापलेला पत्रा आणखी धारदार होतो आणि ताठपणाही जातो. आणि चाक जागेवर असताना गॅसची ज्योत किंवा वेल्डिंग लावू नका. हवा भरलेला टायर बसवलेल्या रिमवर वेल्डिंग केल्याने टायर बॉम्बसारखा फुटतो आणि माणसे जातात. हवा सोडली तरी धोका टळत नाही. टायर रिमवरून उतरवूनच ते काम करावे.

मडगार्ड काढून टाकू नका

काही जण सगळ्यांत सोपा उपाय करतात. माती अडकते म्हणून ट्रॅक्टरचे मडगार्डच उतरवून ठेवतात. माझी हात जोडून विनंती आहे, असे करू नका. मडगार्ड नुसते चिखल अडवायला नसते. चालवणाऱ्याचा हात, पाय, धोतर किंवा गमछा फिरत्या चाकापासून दूर ठेवणारी ती भिंत आहे. त्याच कारणाने मडगार्डवर पोराला बसवणेही सोडा. ती बसायची जागा नाही. एका धक्क्यात पोर मोठ्या चाकाखाली जाते.

हंगामाच्या आधी आपण पेरणीयंत्राला तेल देतो, बैलांची शिंगे रंगवतो. त्याच दिवशी ट्रॉलीच्या चारी अंगांनी एक फेरी मारा. मडगार्डखाली हात घाला, कड चाचपा, टायरच्या बगलेवर ओरखडा आहे का पाहा. घरातल्या बायकांनो, कणकेचा गोळा तुमच्या हातचा आहे. माल विकायला निघालेली ट्रॉली दारातून बाहेर पडण्याआधी विचारा, "चाकाला जागा पाहिली का?" आणि पोत्यांवर कोणी बसत असेल तर त्याला आधी खाली उतरवा. सोयाबीन एक दिवस उशिरा विकले तरी चालेल, पण माणसे घरी आली पाहिजेत.