वेदनाशामकांच्या अतिसेवनाने जडणारा शिरःशूल आणि ऊसतोडीचा हंगाम

डोके दुखू लागले म्हणजे गोळी घ्यावी आणि गोळीने दुखणे थांबावे, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की, गोळी हीच डोकेदुखीचे कारण होऊ शकते हे विधान प्रथमदर्शनी विपरीत वाटते. तथापि वैद्यकास ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या पीटर्स व हॉर्टन या वैद्यांनी १९५१ मध्येच अर्गोटॅमिन हे अर्धशिशीवरील औषध नित्य घेणाऱ्या रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली होती. औषध थांबविताच डोके अधिकच उठे आणि ते शमविण्यासाठी रोगी पुन्हा त्याच औषधाकडे वळे. पुढे साध्या वेदनाशामकांच्या बाबतीतही हाच प्रकार आढळून आला. जगात प्रौढ व्यक्तींपैकी शेकडा एक ते दोन जणांना हा विकार असावा असा अंदाज आहे. त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून पुष्कळच अधिक आहे.

या विकाराची आज मान्य असलेली व्याख्या दिवसांच्या मोजणीवर आधारलेली आहे. ज्याला मुळात अर्धशिशी किंवा ताणजन्य डोकेदुखी आहे, ज्याचे डोके महिन्यातून १५ अथवा अधिक दिवस दुखते, आणि जो तीन महिन्यांहून अधिक काळ पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक यांसारखी साधी वेदनाशामके महिन्याला १५ किंवा अधिक दिवस घेत आला आहे, त्याच्या बाबतीत या निदानाचा विचार करावयाचा. कॅफिनसारखी द्रव्ये मिसळलेल्या संयुक्त गोळ्या, अर्गोटॅमिन, ट्रिप्टान व अफूजन्य औषधे यांच्या बाबतीत ही मर्यादा १० दिवसांवर येते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एकाच दिवशी तीन गोळ्या घेऊन पुढे आठवडाभर औषधाला न शिवणारा मनुष्य या व्याख्येत बसत नाही. रोज सकाळी न चुकता एकच गोळी घेणारा मात्र बसतो. म्हणूनच ‘मी फार घेत नाही, एकच घेतो’ हे उत्तर वैद्याचे समाधान करणारे नाही.

असे का घडते, याचा उलगडा अद्याप पूर्णपणे झालेला नाही. वेदनाशामकांच्या नित्य सेवनाने मेंदूतील वेदनावाहक मार्ग अधिक संवेदनक्षम होतात आणि वेदना जाणवण्याची पातळी खाली येते, हे मत आज सर्वसाधारणपणे स्वीकारले गेले आहे. मात्र संधिवातासाठी वर्षानुवर्षे हीच औषधे घेणाऱ्यांना, त्यांच्यात डोकेदुखीची मूळ प्रवृत्ती नसेल तर, हा विकार सहसा जडत नाही. याचा अर्थ औषध केवळ निमित्त होते; जमीन आधीच तयार असावी लागते. पण ज्याची अर्धशिशीची प्रवृत्ती आहे त्याने कंबरदुखीसाठी घेतलेली गोळीही डोक्याला भोवू शकते.

हा शेवटचा मुद्दा अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) विशेष महत्त्वाचा ठरतो. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला आणि जिल्ह्याचा उत्तर भाग उसाचा झाला. त्याच जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड या अवर्षणप्रवण तालुक्यांतून मात्र दरवर्षी दिवाळीच्या सुमारास माणसे ऊस तोडण्यासाठी बाहेर पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, मजुरी टनावर मिळते, आणि दिवस चुकला तर तो ‘खाडा’ धरून पैसे कापले जाण्याचा प्रघात आहे. पहाटे सुरू होणारी तोड, डोक्यावरून वाहावयाच्या मोळ्या, अपुरी झोप, अवेळी जेवण, उन्हात पाण्याची टंचाई यांतील जवळजवळ प्रत्येक गोष्ट अर्धशिशीला चेतविणारी आहे. खाडा परवडत नाही, गोळी परवडते. आणि गोळी हाताशी असते: पॅरासिटामॉल व ॲस्पिरिन ही हजाराच्या आतील लोकवस्तीच्या गावात परवान्यावाचून विकण्याची मुभा औषध नियमांतच आहे. डायक्लोफिनॅकला चिठ्ठी लागते, निदान कागदावर तरी.

काम आणि वेदनाशामक यांचा असा संबंध इतरत्रही दिसलेला आहे. स्वित्झर्लंडमधील घड्याळांच्या उद्योगातील कामगारांत फिनॅसेटिनयुक्त गोळ्यांचे नित्य सेवन चाले. १९५३ मध्ये श्प्युलर व झोलिंगर यांनी अशा सेवनाने होणाऱ्या मूत्रपिंडाच्या विकाराकडे लक्ष वेधले. फिनॅसेटिन पुढे अनेक देशांत बंद झाले. तथापि आजची दाहशामकेही शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडास अपायकारक ठरू शकतात, हे उसाच्या फडात विसरून चालणार नाही.

उपचार म्हटला तर साधा, पण सोसण्यास कठीण. अतिसेवित औषध थांबवावयाचे. साधी वेदनाशामके बहुधा एकदम थांबविता येतात. अफूजन्य व झोपेची औषधे मात्र वैद्याच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावी लागतात. थांबविल्यानंतर दोन ते दहा दिवस डोके अधिक दुखते, मळमळते, झोप लागत नाही, जीव कासावीस होतो. सोबत ॲमिट्रिप्टिलिन, प्रोप्रॅनोलॉल यांसारखे प्रतिबंधक औषध दिले जाते. ते प्रथमपासून द्यावे या मताला डेन्मार्कमधील २०२० च्या अभ्यासाने बळ मिळाले. प्रतिबंधक सुरू असल्यास जुने औषध थांबविणे अनिवार्य आहे काय, यावर अमेरिकेतील विद्वानांचे मत निराळे आहे. बरे झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश पहिल्या वर्षात पुन्हा गोळीकडे वळतात.

आता हे दोन ते दहा दिवस टोळीतल्या बाईने कोठून आणावेत? हंगामात, कोपीत राहून, दहा खाडे सोसून औषध सोडण्याचा सल्ला देणे म्हणजे सल्ला न देण्यासारखेच होय. प्रस्तुत लेखकाच्या मते औषध सोडण्याची वेळ हंगामाच्या पंचांगावरून ठरविली पाहिजे. पाडव्याच्या मागेपुढे टोळ्या गावी परततात. तेव्हापासून मृगाच्या पेरणीपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात मोकळा. ऊन कडक असले तरी घरी सावली व पाणी असते आणि खाडा नसतो. हंगामात मात्र महिन्यातील गोळीचे दिवस मोजून ते मर्यादेच्या आत ठेवणे एवढेच साध्य आहे.

यासाठी मोठ्या रुग्णालयाची आवश्यकता नाही. नॉर्वेत सामान्य वैद्यांना अल्प प्रशिक्षण देऊन, रोग्याशी काही मिनिटे बोलून गोळी व डोकेदुखी यांचा संबंध समजावून देण्याचा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सल्ला मिळालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांची नित्य डोकेदुखी नाहीशी झाली. जामखेडला तर डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून अल्पशिक्षित, प्रसंगी निरक्षर स्त्रियांना ग्रामआरोग्य सेविका म्हणून तयार केले. असा संवाद त्यांच्यासारख्या स्त्रियांच्या हातचा आहे. आज गावोगावी आशा कार्यकर्त्या आहेत. ‘डोके किती दुखते?’ याऐवजी ‘गेल्या महिन्यात किती दिवस गोळी घेतली, कंबरेसाठी घेतलेली धरून?’ असे विचारावे. दिनदर्शिकेवर गोळीच्या दिवशी फुली मारण्यास लिहिता येण्याची गरज नसते.

प्रत्येक रोजची डोकेदुखी मात्र गोळीचीच असते असे समजू नये. अकस्मात उठलेली अतितीव्र वेदना, ताप व मान ताठरणे, हातापायांतील शक्ती जाणे, दृष्टी अंधुक होणे, अथवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी आढळल्यास फुल्या मोजीत न बसता रोग्यास त्वरित रुग्णालयात न्यावे.