आपली स्तुती, दुसऱ्याची निंदा

कडावच्या बाजारात एखाद्याने ‘सगळ्यात चविष्ट आइस्क्रीम’ अशी पाटी लावली, तर कायदा सहसा मध्ये पडत नाही. आपल्या मालाची अशी वाखाणणी चालते. दुसऱ्याचा माल खोटेपणाने वाईट ठरवणं चालत नाही. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अमूलच्या जाहिराती याच कारणाने रोखल्या. आइस्क्रीमसारख्या दिसणाऱ्या फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तूप असतं, असा त्या जाहिरातींचा रोख होता. हिंदुस्तान युनिलिव्हरच्या क्वालिटी वॉल्सचं नाव कुठेही नव्हतं, तरी ही कंपनी कोर्टात गेली: आमच्या मालात वनस्पती तेल आहे, वनस्पती तूप नाही. २०१८ मध्ये खंडपीठानेही बंदी कायम ठेवली. मला ते योग्य वाटतं. भीती घालून गिऱ्हाईक वळवणं ही स्पर्धा नव्हे. फसलेल्या गिऱ्हाइकासाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा वेगळा आहे. त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.