स्थलांतरित वास्तूचे प्रामाण्य

जुनी ग्रामीण वास्तू मूळ जागेवरून उकलून संग्रहालयाच्या मोकळ्या आवारात पुन्हा उभारण्याची प्रथा स्कॅंडिनेव्हियात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. आर्टुर हाझेलियस यांनी १८९१ साली स्टॉकहोम येथे स्थापिलेले ‘स्कान्सेन’ हे तिचे सर्वपरिचित उदाहरण होय. अशा वास्तूस पुरावा म्हणून कितपत मानावे, हा प्रश्न अभ्यासकापुढे सतत राहतो.

इंग्लंडमधील केंट परगण्यात बाऊ बीच येथे जलाशयाची योजना झाली, तेव्हा तेथील काही मध्ययुगीन घरे ससेक्समधील सिंगलटन येथील नव्या संग्रहालयात नेण्यात आली. हे संग्रहालय १९७० साली लोकांस खुले झाले. ओक लाकडाचा सांगाडा खाचा व खुंट्या यांनी सांधलेला असल्यामुळे तो सुटा करता येतो. प्रत्येक तुळईस क्रमांक देऊन तिचे स्थान आराखड्यात नोंदवितात. जुन्या सुतारांनी सांध्यांवर कोरलेल्या खुणाही जुळणीस उपयोगी पडतात. कुडाच्या भिंतींवरील मातीचे लिंपण मात्र असे नेता येत नाही. ते नव्यानेच करावे लागते.

याहून कठीण प्रश्न काळाचा. त्यांपैकी ‘बे-लीफ’ या घराचा मधला दालनाचा भाग पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातील, तर एका बाजूचे खण सोळाव्या शतकाच्या आरंभीचे आहेत. उघड्या चुलीच्या धुराने आढ्याची लाकडे काळवंडली होती. पुढे त्या दालनात धुराडे व माळा आला. संग्रहालयाने सोळाव्या शतकातील रूप दाखविण्याचे ठरविले. त्यामुळे नंतरच्या पिढ्यांचे घर प्रेक्षकांच्या दृष्टीआड झाले. एक काळ दाखविणे म्हणजे दुसरा काढून टाकणे होय.

तेथे प्रथम उभारलेली ‘विंकहर्स्ट’ ही वास्तू अधिक उद्बोधक आहे. आरंभी तिला लहानसे स्वतंत्र घर मानण्यात आले. पुढील संशोधनानंतर ती मोठ्या घराचे स्वयंपाकघर ठरली. तेव्हा चालू शतकाच्या आरंभी ती पुन्हा उकलून त्याच आवारात दुसऱ्या जागी त्या रूपात उभारण्यात आली.

तात्पर्य, स्थलांतरित वास्तू हे एक अनुमान असते. मूळ लाकडे आणि नोंदी जपल्या असतील तरच ते पुढे दुरुस्त करता येते. आपल्याकडे वाडा पाडला जाऊन त्याचे खांब व दारे सुटी विकली जातात, तेव्हा लाकूड उरते; परंतु कोणता खांब कोणत्या खणात होता हे कळण्याचा मार्ग उरत नाही.