रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला?

अब्बांना दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली. यंदा रक्त तपासलं, रिपोर्ट नॉर्मल. घरात सगळे खूश आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद! आपल्यापैकी किती घरांत हे घडतं, ते वेगळं सांगायला नको. पण रिपोर्ट नॉर्मल आला तो त्या गोळीमुळेच, हे लक्षात कोण घेतो? गोळी थांबवली की काही आठवड्यांतच वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, पुन्हा जुन्या जागी येऊन बसतं.

या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन ही नावं पाकिटावर वाचली असतील. पण त्या कशासाठी, हे समजायचं तर आधी आपल्या रक्तवाहिन्यांकडे पाहावं लागेल.

हृदयातून निघणारी सर्वांत मोठी धमनी, महाधमनी, तरुणपणी रबरासारखी असते. हृदय आकुंचन पावलं की ती फुगते आणि थोडं रक्त आपल्यात सामावून घेते. मग हृदय विसावा घेतं तेव्हा ती परत आकसते आणि तेच रक्त पुढे ढकलते. त्यामुळे दोन ठोक्यांच्या मध्येही रक्त वाहतच राहतं. वय वाढतं तसं हे रबर झिजतं, भिंतीत कडक तंतू आणि कॅल्शियम वाढतं. बीपी, शुगर आणि तंबाखू असेल तर हेच काम फार लवकर होतं.

धमनी कडक झाली की धक्का झेलायला कोणी उरत नाही. बीपीचा वरचा आकडा चढतो. आणि परत आकसण्याचा जोर गेल्यामुळे खालचा आकडा उतरतो. म्हणून दादीचं बीपी 165/70 आलं तर ‘खालचा चांगला आहे ना, मग काळजी नाही’ असं म्हणू नका. साठीनंतर या दोन आकड्यांतलं मोठं अंतर हीच बऱ्याचदा कडक धमन्यांची खूण असते. तो न झेललेला धक्का पुढे मेंदूच्या आणि किडनीच्या नाजूक वाहिन्यांवर आदळतो.

हा कडकपणा मोजताही येतो. नाडीची लाट मानेपासून जांघेपर्यंत किती वेगाने जाते ते पाहतात. भिंत जितकी कडक, तितकी लाट वेगवान. सेकंदाला 10 मीटरपेक्षा जास्त वेग धोक्याचा मानतात. मात्र ही तपासणी सगळीकडे होत नाही आणि गोळी सुरू करायला तिची गरजही नसते.

मग स्टॅटिनने धमनी पुन्हा मऊ होते का? खरं सांगायचं तर थोडीफार. काही अभ्यासांत लाटेचा वेग किंचित कमी झालेला दिसला, काहींत फरकच पडला नाही. पन्नास वर्षांत कडक झालेली भिंत गोळीने विशीची होत नाही. तसं कोणी सांगून काही विकत असेल तर सावध राहा.

स्टॅटिनचं खरं काम दुसरं आहे. ते लिव्हरमधलं कोलेस्टेरॉल बनणं कमी करतं. मग लिव्हर आपली गरज भागवायला रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. धमनीच्या भिंतीत साचलेला चरबीचा थर त्यामुळे शांत, घट्ट होतो आणि फुटण्याची शक्यता कमी होते. हार्ट अटॅक बहुतेक वेळा तो थर फुटून त्यावर गुठळी बसल्यानेच येतो. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातल्या अभ्यासात 4444 हृदयरुग्ण होते. पाचेक वर्षांत नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी 256 जण दगावले, सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी 182. आपल्याकडे तर हा विषय अधिकच जवळचा. दक्षिण आशियात पहिला अटॅक साधारण 53 व्या वर्षी येतो, इतर देशांत 59 च्या आसपास. शुगर असलेल्यांना चाळिशीनंतर कोलेस्टेरॉल फार नसतानाही डॉक्टर ही गोळी देतात, ते म्हणूनच.

‘पण त्या गोळीने अंग दुखतं!’ ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. दुखणं खोटं नसतं, पण कारण दर वेळी गोळीच असते असं नाही. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांना ब्रिटनमध्ये काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी आणि काही महिने काहीच नाही असं आलटून पालटून दिलं. जो त्रास खऱ्या गोळीवर झाला, त्यातला सुमारे 90 टक्के खोट्या गोळीवरही झाला. 2020 चा हा निकाल कळल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

तरीही स्नायू फार दुखून लघवी गडद तपकिरी झाली तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शुगर थोडी वाढू शकते, तपासत राहा. घरातल्या कुणी बाई गरोदर असतील किंवा तसा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. आणि खोकल्या-तापासाठी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं जात असेल तर आपण स्टॅटिन घेतो हे तिथेच बोला, दोन्ही एकत्र जड जाऊ शकतात.

रमजानमध्ये काय, असंही विचारलं जातं. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दिवसातून एकदा, कोणत्याही वेळी चालतात. सकाळची गोळी इफ्तारनंतर घेतली तरी बिघडत नाही, त्यासाठी महिनाभर खंड पाडायचं कारण नाही. बीपी-शुगरच्या गोळ्यांचं मात्र तसं नाही, त्यांच्या वेळा रमजान लागण्याआधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्या. जाताना सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, अब्बांना नावं आठवत नाहीत.