छापखानेवाल्याचा जामीन

संपादकांनी विषय दिला : ‘ऑनलाइन अभिव्यक्ती आणि सरकारी नियमन, एक आढावा’. असा आढावा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यापासून सुरू करायची रीत आहे. ते काम चोख करणारे तरुण वकील आता पुष्कळ आहेत. मी सुरुवात १८७८ पासून करणार. माझे जुने वाचक हसतील, कारण छापखानेवाल्याचा जामीन हे माझे वेड त्यांना ठाऊक आहे.

लॉर्ड लिटनने १८७८ साली देशी भाषांतल्या पत्रांसाठी कायदा आणला, तेव्हा लेखकाला पकडण्याची फारशी खटपट त्यात नव्हती. मॅजिस्ट्रेटने मुद्रक आणि प्रकाशकाला बोलावून मुचलका लिहून घ्यायचा, सरकारला खुपेल असे छापले तर अनामत जप्त, यंत्रे जप्त, आणि कोर्टात अपील नाही. रिपनने १८८२ साली तो रद्द केला. १९१० च्या प्रेस अ‍ॅक्टने तीच युक्ती परत आणली : नव्या छापखान्याला ५०० ते २,००० रुपये जामीन, जुन्याला ५,००० पर्यंत. शिवरामपंत परांजपे १९०८ साली राजद्रोहाखाली तुरुंगात गेले, पण त्यांचा ‘काळ’ बंद पडला तो १९१० साली, जामिनाच्या मागणीने. १८९७ च्या टिळकांच्या खटल्यातही आरोपी दोन होते, हे शाळेत कोणी शिकवत नाही. दुसरे होते छापखान्याचे केशव महादेव बाळ. ज्युरीने सहा विरुद्ध तीन मतांनी टिळकांना दोषी ठरवले आणि बाळांना सोडले.

सरकारला यातून जे कळले ते आपल्या अभ्यासकांना अजून कळलेले नाही. लेखक तत्त्वासाठी तुरुंगात जातो आणि बाहेर येताना मोठा होऊन येतो. छापखानेवाल्याला शनिवारी कामगारांचे पगार करायचे असतात. त्याला धाक घातला की लेखकाच्या वाटेला जावेच लागत नाही. आज इंटरनेटवरच्या बोलण्याचे जे नियमन चालते, ते सगळे या एका सूत्रावर उभे आहे.

स्वातंत्र्यानंतरची पंचवीस वर्षे मी ओलांडून जातो. आणीबाणीपाशी मात्र थांबतो, कारण तेव्हा मी एका दैनिकात उमेदवारी करत होतो. रात्री सेन्सॉरच्या कचेरीतून गॅली परत येत. ओळी तांबड्या शाईने काटलेल्या, कोपऱ्यात रबरी शिक्का, खाली आडवीतिडवी सही. ती सही कोणाची हे आम्हाला माहीत होते. तो गृहस्थ कुठे चहा पितो हेही माहीत होते. आमचे मुख्य उपसंपादक त्याला फोन करून एकेका शब्दावरून हुज्जत घालत, आणि दहातला एखादा शब्द सोडवूनही आणत. मिनू मसानी तर त्यापुढे गेले. त्यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला म्हणून ते मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि १९७६ साली, ऐन आणीबाणीत, न्या. मदन आणि न्या. कानिया यांच्या खंडपीठाने सेन्सॉरला त्याच्या अधिकाराची हद्द दाखवून दिली. हे शक्य झाले, कारण हुकूम मसानींच्या हातात होता. हुकूम दिसतो तेव्हाच त्याला आव्हान देता येते. पुढचे सगळे या वाक्यावर तोलून पाहावे.

आता इंटरनेट. २००४ च्या डिसेंबरात बाझी डॉट कॉम या विक्रीच्या संकेतस्थळावर कोणी एका ग्राहकाने अश्लील चित्रफीत विकायला ठेवली, आणि अटक झाली कंपनीच्या प्रमुखालाही. केशव महादेव बाळांची गोष्ट नव्याने घडली. त्यावर गदारोळ झाला आणि २००८ च्या दुरुस्तीत कलम ७९ सुधारले गेले : दुसऱ्याच्या मजकुराबद्दल मध्यस्थ जबाबदार नाही, मात्र त्याने सरकारचे काही नियम पाळले तर. वकील मंडळी याला सेफ हार्बर म्हणतात. कोणी त्याला संरक्षण म्हणो, मी त्याला जामीन म्हणतो. रक्कम भरायची नाही इतकेच. नियम मोडला की जप्त होणारी ठेव तीच.

त्याच दुरुस्तीत ६६अ हे कुप्रसिद्ध कलम आले. त्याच्यावर इतके लिहिले गेले आहे की मी फक्त पालघर सांगतो. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे गेले. मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर त्या बंदबद्दल चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. लाइक केल्याबद्दल अटक, हे जगाला नवल वाटले. मला नवल वाटले ते वेगळेच : इथे सरकारने छापखानेवाल्याला सोडून थेट लिहिणाऱ्याला पकडले, आणि म्हणूनच ते अंगाशी आले. पोलीस अधिकारी निलंबित झाले, खटला गुंडाळला, आणि दिल्लीतल्या श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीच्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी ६६अ घटनाबाह्य ठरवले. पेढे वाटले गेले. पण त्याच निकालात संकेतस्थळे बंद करण्याचे कलम ६९अ वैध ठरले, ते कोणी वाचलेच नाही. त्या कलमाखालच्या २००९ च्या नियमांत समिती आहे, लेखी कारणे आहेत, नोटीस आहे, म्हणून ते कलम न्यायालयाने उचलून धरले. त्याच नियमांत सोळावा नियम गोपनीयतेचा आहे, आणि व्यवहारात बाकी सगळे नियम त्याच्या पोटात गडप झाले. दिल्लीत तनुल ठाकूर यांचे हुंड्याची खिल्ली उडवणारे संकेतस्थळ २०१८ साली बंद झाले. त्या हुकुमाची प्रत आणि समितीपुढची सुनावणी मिळवायला त्यांना २०२२ साली उच्च न्यायालयाचा आदेश आणावा लागला.

२०१५ सालीच, ‘श्रेया सिंघल’नंतर दोन महिन्यांच्या आत, सर्वोच्च न्यायालयात आपला एक मराठी खटला निघाला, तोही या पंक्तीत बसवावा असे मी परिसंवादांतून सांगत आलो आहे. वसंत दत्तात्रय गुर्जर यांची गांधींवरची कविता बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या बुलेटिनमध्ये १९९४ साली छापली गेली होती. संपादक तुळजापूरकर आणि मुद्रक यांनी माफी मागितली होती. न्यायालयाने त्यांना आरोपातून मोकळे केले आणि कवीचा खटला मात्र पुढे चालू ठेवला. ज्याने छापले तो माफी मागून सुटतो आणि ज्याने लिहिले तो अडकतो, हा न्याय असेल तर उद्या प्रत्येक छापणारा आधीच माफी मागायला शिकेल. इंटरनेट कंपन्या तेच शिकल्या आहेत.

मध्यस्थांसाठीच्या २०२१ च्या नियमांवर ग्रंथ निघाले आहेत, मी दोनच गोष्टी सांगतो. पन्नास लाखांहून अधिक नोंदलेले वापरकर्ते असलेल्या मध्यस्थाने भारतात राहणारा एक अनुपालन अधिकारी नेमायचा, आणि नियम मोडल्यास त्या माणसावर फौजदारी होऊ शकते. म्हणजे जामीन राहायला हाडामांसाचा माणूस आणून बसवला. दुसरी गोष्ट २०२३ च्या दुरुस्तीची : केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीची कोणती माहिती खोटी, हे सरकारचाच सत्यशोधन कक्ष ठरवणार होता. त्याविरुद्ध विनोदी कलाकार कुणाल कामरा मुंबई उच्च न्यायालयात गेले. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांच्यात मतभेद झाला. न्या. पटेलांचे निकालपत्र प्रत्येक पत्रकारिता विभागात धडा म्हणून लावावे. स्वतःचे संरक्षण गमावायचे की परक्या माणसाचा मजकूर काढायचा, असा पेच आला तर कोणता मध्यस्थ काय निवडेल, हा प्रश्न त्यांनी नेमका पकडला आहे. कोणी शूर होणार नाही. तिसरे न्यायमूर्ती चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी पटेलांच्या बाजूने मत दिले आणि तो नियम रद्द झाला. १९७६ ची मुंबई उच्च न्यायालयाची परंपरा अजून जिवंत आहे, एवढे समाधान.

पण सरकारने लगेच दुसरे दार उघडले. ऑक्टोबर २०२४ पासून गृहखात्याचे ‘सहयोग’ पोर्टल चालू आहे. कलम ७९(३)(ब) च्या आधारे निरनिराळ्या खात्यांचे आणि राज्यांचे अधिकारी त्यावरून कंपन्यांना मजकूर काढायला कळवतात. कंपनीने ऐकले नाही तर सेफ हार्बर जाते. समिती नाही, लिहिणाऱ्याला नोटीस नाही. एक्स कंपनीने याविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात दाद मागितली. हैदराबादजवळ एका बाईने रेल्वेच्या रुळांवर गाडी घातल्याची चित्रफीत काढून टाका, असे रेल्वे खात्याने कळवले होते, हे उदाहरण कंपनीच्या वकिलांनी दिले. सॉलिसिटर जनरलनी उत्तर म्हणून ‘सुप्रीम कोर्ट ऑफ कर्नाटक’ या नावाने खोटे खाते उघडून दाखवले. मुद्दा दोघांचाही खरा होता. २४ सप्टेंबर २०२५ रोजी न्या. नागप्रसन्ना यांनी याचिका फेटाळली.

आमचे काही मित्र, ज्यांना प्रत्येक नियमात आणीबाणी दिसते, इथे टाळ्या वाजवण्याची वाट पाहत असतील. त्यांनी राईनपाडा आठवावे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या त्या गावात मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली होती, आणि मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या पाच नाथपंथी डवरी गोसाव्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. मोबाइलवरचा मजकूर निव्वळ शब्द असतो असे म्हणणाऱ्याने त्यांच्या घरी जाऊन तसे सांगावे. पण २०२४ साली धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली ती खुनाच्या जुन्या कलमाखाली. त्या पाचांना वाचवायला पोलीस वेळेवर पोचणे आणि अफवेचे उत्तर गावात भोंग्यावरून देणे, एवढे पुरले असते. बंद दाराआडचा हुकूम तिथे काही करू शकला नसता.

दुसरी एक जमात कंपन्यांवर भरवसा ठेवणारी. मी ‘वाचकांचा पत्रव्यवहार’ हे सदर अनेक वर्षे सांभाळले. पत्त्याविना आलेले पोस्टकार्ड टोपलीत जाई. पत्र कापले तर ‘का कापले’ म्हणून विचारायला वाचक जिना चढून येत आणि मला उत्तर द्यावे लागे. आजच्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, ठरावीक चार वाक्ये परत येतात. आणि आमचे मराठी संपादक? लिहिलेला मजकूर न कळवता उतरवून ठेवायला त्यांना आता नोटीसही लागत नाही. पूर्वी हुज्जत घालणारा मुख्य उपसंपादक होता, आता ट्रॅफिकचा तक्ता पाहणारा व्यवस्थापक आहे. ही घसरण कोणत्याही नियमाने आणलेली नाही, ती आम्हीच आणली.

माझे म्हणणे त्यामुळे थोडके आहे. सरकारने मजकूर काढायला सांगावे. पण लेखी, कारणासह, अधिकाऱ्याच्या नावानिशी, आणि त्याची प्रत लिहिणाऱ्याच्या हाती द्यावी. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, लिहिणारा कोण हे कळत असेल तर त्याला नोटीस मिळायला हवी, असे प्रथमदर्शनी मत नोंदवले आहे. तोवर वाचकांना एकच विनंती. तुमची ओळ, चित्र, चित्रफीत काढली गेली तर गप्प बसू नका आणि नुसते रागावूही नका. कंपनीला आणि खात्याला लेखी विचारा, हुकुमाची प्रत मागा, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, आणि नकार आला तर तो नकार फाइलला लावून ठेवा. मसानी असोत की ठाकूर, न्यायालयाचे दार त्यांना कागदानेच उघडले.