साल्युत-७ : गोठलेल्या स्थानकाची दुरुस्ती

साल्युत-७ हे सोव्हिएत अवकाशस्थानक एप्रिल १९८२ मध्ये कक्षेत गेले. राकेश शर्मा १९८४ साली राहून आले ते याच स्थानकावर. पुढच्या वर्षी, ११ फेब्रुवारीला, आत कोणी नसताना त्याचा पृथ्वीशी संपर्क तुटला आणि सुमारे वीस टनांचे हे धूड वाऱ्यावर सोडल्यागत फिरू लागले.

ते दुरुस्त करायला माणसे पाठवायचे ठरले. एरवी स्थानक स्वतःची दिशा सांभाळते, येणाऱ्या यानाला रेडिओवरून वाट दाखवते. इथे यातले काहीच होणार नव्हते. म्हणून यान हाताने चालवून स्थानकाला जोडण्यात मुरलेले व्लादिमीर जानिबेकोव्ह आणि अभियंता विक्तोर साविनिख यांची निवड झाली. सोयूझ टी-१३ या यानातले तिसरे आसन काढून जादा इंधन-पाणी भरले. ६ जूनला उड्डाण झाले. दोन दिवसांनी स्थानक दिसले, तेव्हा त्याच्या सौरपट्ट्या एकमेकींशी तिरक्या होत्या. वीज नसल्याची ही पहिली खूण. जानिबेकोव्ह यांनी यान आडवे करून बाजूच्या खिडकीतून अंदाज घेतला, साविनिख लेझर अंतरमापकावर आकडे सांगत राहिले, आणि जोडणी साधली.

आत अंधार, भिंतींवर हिम, पाणी गोठलेले. पंखे बंद, त्यामुळे श्वासातून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवतीच साचे. म्हणून एकाने काम करायचे आणि दुसऱ्याने त्याच्यावर नजर ठेवायची. लोकरी टोप्या चालत, पण हातमोजे घालून तारा पिळता येत नाहीत. साविनिख यांनी त्या कडाक्यात उघड्या बोटांनी तारांची टोके जोडून बॅटऱ्या थेट सौरपट्ट्यांना लावल्या. मग सोयूझच्या इंजिनांनी अख्खे स्थानक वळवून पट्ट्या सूर्यासमोर आणल्या. आठांपैकी दोन बॅटऱ्या कायमच्या गेल्या होत्या. उरलेल्या हळूहळू भरल्या.

वीज जाण्याचे कारण सापडले ते अगदी क्षुल्लक. एक बिघडलेला संवेदक बॅटरी भरल्याचे खोटेच कळवी आणि सौरपट्ट्यांची जोडणी तुटे. रेडिओ चालू असता तर जमिनीवरून हे ध्यानात आले असते.

हिम वितळल्यावर उलटीच पंचाईत झाली. सगळीकडे ओल, आणि ती टिपायला कपडे फाडून चिंध्या कराव्या लागल्या. २३ जूनला प्रोग्रेस-२४ हे मालवाहू यान पाणी आणि सुटे भाग घेऊन पोहोचले. २ ऑगस्टला दोघांनी बाहेर पडून जादा सौरपट्ट्या बसवल्या. सप्टेंबरात जानिबेकोव्ह परतले. साविनिख नव्या तुकडीबरोबर नोव्हेंबरपर्यंत राहिले. १९८६ मध्ये मीर स्थानकाच्या तुकडीने साल्युतला शेवटची भेट दिली, आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ते अर्जेंटिनावर कोसळले.